ओढ डावीकडची!

स्वप्नातली टू-सीटर दारात आली, पण सरळ चालायलाच तयार नाही? खारघर ते नाना पेठ, व्हाया घाट... एका रुसलेल्या गाडीचं दुखणं शोधत केलेली ही संडे ड्राइव्ह.

स्पोर्ट्‌स कार घेतली तर मुंबईत चालवायची कुठे? लिंक रोडवर? फर्स्ट गिअरमध्ये? म्हणून मग सगळ्यांची एकच पंढरी, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे. 2002 मध्ये पूर्ण खुला झालेला हा साधारण 95 किलोमीटरचा सहापदरी रस्ता. कळंबोलीला शिरलात की ऑफिस, डेडलाइन, बॉस सगळे आरशात मागे पडतात.

माझ्या एका आयटीवाल्या मित्राने सात वर्षं पैसे साठवून एक सेकंड हॅण्ड जर्मन रोडस्टर घेतली. लालचुटुक, बटण दाबलं की छप्पर उघडणारी. प्रॉब्लेम एवढाच, की स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली की बाईसाहेब निघाल्या डावीकडे! एका गॅरेजने गाडी न चालवताच निकाल दिला, ‘सस्पेन्शन गेलंय, स्टिअरिंग रॅकही बदलावा लागेल.’ खर्चाच्या आकड्यात पाच शून्यं होती. पठ्ठ्या गाडी विकायच्या तयारीला लागला. पावसात घाट चढताना ही अशी एका बाजूला सरकली तर, ही भीती होतीच. मग ठरलं, आधी तिला नीट बघू. एक रविवार, दोघं जण आणि पुण्यापर्यंतचा रस्ता.

खारघर : आधी रस्त्याला विचारा

गाडी ओढते म्हटलं की आपण लगेच गाडीवर संशय घेतो. पण पाणी वाहून जावं म्हणून रस्ते मुद्दाम कडेला उतरते बांधतात. पक्क्या रस्त्यावर हा उतार साधारण दोन टक्के, म्हणजे एक मीटरला दोन सेंटीमीटर. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे ठणठणीत गाडीही हलकीशी डावीकडे जाते. त्यात स्पोर्ट्‌स कारचे टायर रुंद आणि कडक. रस्त्यावरचे खड्डे, चाकोऱ्या, उतार सगळं ते थेट तुमच्या हातात आणून देतात.

म्हणून पहिली टेस्ट एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, सिक्युरिटीवाल्या काकांची परवानगी काढून. एकाच पट्ट्यावरून आधी जायचं, मग उलट यायचं. दोष जमिनीच्या उताराचा असेल तर जाताना गाडी डावीकडे आणि येताना उजवीकडे सरकेल. आमची दोन्ही वेळा डावीकडेच गेली. म्हणजे जमीन निर्दोष!

मग हवा. टायर थंड असतानाच मोजायची, कारण गरम टायरचा आकडा फुगलेला येतो. पुढच्या डाव्या टायरमध्ये उजव्यापेक्षा 5 पीएसआय कमी निघाले. ज्या बाजूला हवा कमी, तिकडे गाडी ओढते. दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरली. ओढ कमी झाली, पण गेली नाही.

खालापूर : हात न लावता शेक घ्या

एक्स्प्रेस वेवर वेग धरला. इथे एक सूचना, स्टिअरिंग पूर्ण सोडायचा आगाऊपणा नको. दोन्ही हात जागेवर, फक्त पकड सैल. तेवढ्यातही कळतं. ओढ सतत, एकसारखी, डावीकडे.

पुढचा संशयित ब्रेक. कॅलिपर अडकला असेल तर पाय पेडलवर नसतानाही एक चाक थोडं आवळलेलं राहतं आणि गाडी त्या बाजूला ओढते. खालापूरच्या फूड मॉलला थांबलो. लोक वडापावच्या रांगेत आणि आम्ही चाकांभोवती. प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यायचा (लावायचा नाही, भाजेल!) आणि डाव्या-उजव्याची तुलना करायची. एखादं चाक फारच तापलेलं असेल तर चोर सापडला. आमची जोडीजोडीने सारखीच गरम.

आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच गाडी ओढत असेल तर हिशेब उलटा. तेव्हा ती ज्या बाजूला जाते तिकडचा ब्रेक बहुतेक नीट पकडतोय, समोरचा आळशी झालाय. टोलनाक्याआधी मागे कोणी नाही हे बघून जरा दाबून ब्रेक मारला. गाडी होती तशीच. ब्रेकची निर्दोष मुक्तता.

घाट : चढणीची चाचणी

खोपोलीनंतर घाट सुरू होतो आणि गप्पा आपोआप थांबतात. इथे टेस्ट अॅक्सिलरेटरची. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या दमदार गाड्या जोरात रेस केल्यावर थोड्या ओढतातच. आमच्या गाडीत ताकद मागच्या चाकांना. अशा गाडीत रेस दिल्यावर एकीकडे आणि पाय उचलल्यावर दुसरीकडे ओढ जाणवली तर मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश तपासायचे. जिथे 2020 पर्यंत इंग्रजांच्या काळातला अमृतांजन पूल उभा होता तो टप्पा मागे पडला, रेस देऊन झाली, पाय उचलून झाला. काही फरक नाही. लोणावळ्याला चिक्की घेतली आणि पुढे निघालो.

नाना पेठ : कटिंगच्या ग्लासातलं फिजिक्स

पुण्यात गाडीचा पार्ट हवा असेल तर पत्ता एकच, नाना पेठ. दाटीवाटीची दुकानं, छताला टांगलेले बेल्ट, ग्रीसचा वास. तिथल्या एका टायरवाल्या चाचांनी सगळी कहाणी ऐकली आणि चहाचा रिकामा ग्लास काउंटरवर आडवा करून ढकलला. ग्लास सरळ न जाता गोल फिरला. ‘एक बाजू बारीक, एक जाड. टायर असा झाला की गाडी वळणारच, साहेब.’

टायरच्या आतले स्टीलचे पट्टे किंचित सरकलेले असले की चाक बाहेरून गोल दिसतं, पण धावतं त्या ग्लाससारखं. मोजपट्टीत हा दोष दिसत नाही. टेस्ट मात्र सोपी आणि स्वस्त, पुढची दोन चाकं आपसात बदला. एक लक्षात ठेवा, स्पोर्ट्‌स कारचे मागचे टायर बऱ्याचदा पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढे-मागे अदलाबदल जमत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावं-उजवंही तसंच बदलता येत नाही. आमच्या टायरांवर बाण नव्हता. बुटक्या गाडीखाली आधी फळी, मग जॅक घालून वीस मिनिटांत काम झालं.

एक चक्कर मारली... आणि गाडी उजवीकडे ओढायला लागली! मित्र अक्षरशः टाळ्या वाजवत होता. ओढ चाकासोबत गेली, म्हणजे दोष टायरमध्येच. बदलूनही ती डावीकडेच राहिली असती तर संशय अँगलवर. कॅस्टर ज्या बाजूला कमी किंवा कॅम्बर ज्या बाजूला जास्त पॉझिटिव्ह, तिकडे गाडी जाते. खात्रीसाठी चारही चाकांचं अलाइनमेंट तपासून घेतलं. सगळे आकडे मर्यादेत. पुढचे दोन टायर नवे घातले आणि लाल बाई नाकासमोर चालू लागल्या.

पाच शून्यांचं काम दोन टायरांत आटोपलं, ते केवळ क्रम पाळल्यामुळे. रस्ता, हवा, ब्रेक, टायर, अलाइनमेंट आणि मग पार्ट्‌स. स्वस्तातलं आधी, महागातलं शेवटी. सो, तुमची गाडी अशी हट्टाला पेटली तर चेकबुक काढण्याआधी एक रविवार काढा. आणि कोणी गाडी न चालवताच ‘रॅक गेलाय’ म्हणालं, तर नम्रपणे किल्ली परत मागा!