चालू गोळ्यांची पिशवी

दुर्बिणीतून जठराची तपासणी, निखळलेला खांदा बसवणे, गळू कापणे, क्युरेटिंग. रुग्णाच्या लेखी ही सगळी किरकोळ कामे. थोडी गुंगी द्यायची आणि संध्याकाळी घरी सोडायचे. भूलतज्ज्ञाला मात्र अशाच कामांत जास्त सावध राहावे लागते. पूर्ण भूल देताना श्वासनळीत नळी असते, श्वास आमच्या हाती असतो. गुंगीत रुग्ण स्वतःच श्वास घेतो. हलकी गुंगी खोल कधी होईल, हे माझ्या सुईइतकेच तो रोज घरी काय घेतो त्यावरही ठरते.

गोंदियात ही माहिती मिळवणे सोपे नाही. 2016 साली इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी एकाच माणसाचे हृदयाचे औषध नागपूरचे, शुगरचे बालाघाटचे आणि कंबरदुखीचे गावातल्या दवाखान्यातले असते. पूर्ण यादी कुणाच्याच नजरेखालून गेलेली नसते.

"काकाजी, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"बीपीची एक, शुगरच्या दोन. बाकी काही नाही जी."

मग काकू प्लास्टिकची पिशवी पुढे करतात. मी ती टेबलावर रिकामी करतो. चार-चार गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या, आणि नाव छापलेला तुकडा मेडिकलमध्येच राहिलेला. त्यांतच निघते अल्प्राझोलाम. "ती झोपेची आहे, औषध नाही."

ही गोळी वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्याला मिडाझोलामची नेहमीची मात्रा पुरत नाही. दोन्ही एकाच कुळातली, मेंदूला सवय झालेली असते. म्हणून मात्रा वाढवावी, तर सोबत दिलेल्या फेंटानिलमुळे श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. तपासणी आहे म्हणून ती गोळी अचानक बंद करणे त्याहून वाईट. अस्वस्थता, थरथर, कधी झटकेसुद्धा येतात. दुखण्यासाठी घेतलेली ट्रॅमाडॉल, हातापायांच्या मुंग्यांसाठी दिलेली प्रिगाबालिन, यांचाही भार श्वासावरच पडतो. अशा वेळी मी मिडाझोलाम एक-एक मिलिग्रॅम देतो, दोन-तीन मिनिटे थांबतो, रुग्णाला बोलते ठेवतो. जीभ जड झाली, पापण्या मिटू लागल्या की हात आवरतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर पूर्ण विसंबत नाही. नाकाला ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगला दिसतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र आधी सावध करते.

काही औषधे गुंगी आणत नाहीत, पण गुंगीच्या औषधाचा मुक्काम बदलतात. मिडाझोलाम यकृतात मोडले जाते. क्षयरोगावरची रिफाम्पिसिन, फिट्सवरच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्या तिथले काम वाढवतात. राइस मिलमध्ये हमाल वाढले की पोती भराभर रिकामी व्हावीत, तसे औषध लवकर संपते. तोंडावाटे दिलेल्या मिडाझोलामवर तर रिफाम्पिसिनचा परिणाम इतका मोठा असतो की ते जवळजवळ निकामी ठरते. उलट गजकर्णासाठी घेतलेली इट्राकोनाझोलची कॅप्सूल हेच काम अडवते. पंधरा-वीस मिनिटांच्या तपासणीनंतर रुग्ण तासन्‌तास पेंगतो. खाजेची कॅप्सूल भूलतज्ज्ञाला सांगायची असते, हे बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही.

दारूविषयी मी घरच्यांसमोर विचारत नाही. मोहाची असो वा दुकानातली, मला फक्त किती आणि शेवटची कधी एवढेच हवे असते. रोज पिणाऱ्याला गुंगीचे औषध जास्त लागते. त्याच सकाळी प्यायलेल्याला थोडेही जास्त होते. यकृत खराब झाले असेल तर ते उतरायला वेळ लागतो. या उत्तरावरून मी कुणाचा न्याय करत नाही, मात्रा ठरवतो.

शुगरच्या गोळ्यांचा धोका वेगळा. उपाशीपोटी ग्लिमेपिराइड घेतली तर साखर खाली जाते, आणि गुंगीतला रुग्ण झोपला आहे की साखर उतरल्याने शुद्ध हरपत आहे, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून बोटाला टोचून साखर बघणे मी कधीच टाळत नाही. डापाग्लिफ्लोझिन साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतो, कारण उपाशीपणी तिच्यामुळे साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते. सेमाग्लुटाइडने जठर उशिरा रिकामे होते, रात्रभर उपाशी राहूनही अन्न आत असू शकते. रक्तदाबाची प्रत्येक गोळी मात्र बंद करायची नसते. टेल्मिसार्टन त्या सकाळी बहुधा टाळतो, पण मेटोप्रोलॉल चालू ठेवतो. फिट्सची गोळी तर घोटभर पाण्यासोबत घ्यायचीच.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. ते महिनोन्‌महिने पोटात गेले की शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते आणि ताण पडताच रक्तदाब कोसळू शकतो. पुडी फेकू नका, घेऊन या.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना ऑक्सिजन कमी पडणे आणि शरीर कोरडे पडणे, दोन्ही घातक. दुखण्यासाठी ते ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन घेत असतील तर गुंगी आणखी जपून द्यावी लागते. सिकलसेल आहे हे सांगण्यात काही कमीपणा नाही. त्यांना रात्रीपासून पाण्याविना ठेवणे चूक आहे. जठर नेहमीसारखे रिकामे होत असेल तर तपासणीच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते.

तेव्हा तपासणीची तारीख मिळाली की घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे, मलमे एका पिशवीत भरा. मेडिकलवाल्याला सांगा की पट्टी कापताना नावाचा तुकडा माझ्याकडे राहू द्या. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका, काय घ्यायचे आणि काय थांबवायचे ते तारीख मिळताच विचारून घ्या. सोबत एक जाणते माणूस आणा, आणि गुंगीनंतर चोवीस तास मोटारसायकलला हात लावू नका.