बिनव्याजी पैसा आणि ३१ मार्च



काल रात्री हरभऱ्याला तुषारवर पाणी दिलं. आता फुलं लागेपर्यंत शांत. पिंपळाखाली बसलो होतो, तेवढ्यात पुण्याहून पुतण्या आला. बोलता बोलता त्यानं त्याची एक युक्ती सांगितली. म्हणे, "काका, महिनाभराचा सगळा खर्च मी क्रेडिट कार्डावर करतो. पगार खात्यात तसाच राहतो, त्यावर व्याज मिळतं, आणि कार्डाचं बिल मुदतीच्या दिवशी भरतो. पंचेचाळीस दिवस फुकटात पैसा वापरायला मिळतो."

मी विचारलं, "आणि तारीख चुकली तर?"

"मग महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज."

मला हसू आलं. म्हटलं, बाबा, हा खेळ आम्ही कधीपासून खेळतोय. आमच्या कार्डाचं नाव किसान क्रेडिट कार्ड आणि आमच्या बिलाची तारीख ३१ मार्च.

तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, तरी नव्या पोरांसाठी सांगतो. पीककर्जाचा दर ७ टक्के. मुदतीत फेडलं की ३ टक्के केंद्राची सवलत, आणि उरलेलं राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून भरतं. २०२१ पासून ३ लाखांपर्यंत वेळेवर फेडणाऱ्याला शून्य टक्के. यात 'शून्य'पेक्षा 'वेळेवर' हा शब्द मोठा आहे. तारीख हुकली की सवलत गेली, खातं थकीत, आणि पुढच्या पेरणीला नवं कर्ज बंद.

आता माझं २०२२-२३ चं सांगतो. सगळं आकड्यासकट, लपवायचं काही नाही.

जूनमध्ये सोसायटीतून १,५०,००० उचलले. त्याशिवाय डोक्यावर दोन देणी होती. कृषी सेवा केंद्राची ४५,००० उधारी, शेकडा दोननं. आणि लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला गावातूनच घेतलेले ४०,०००, शेकडा तीननं. म्हणजे दुकानाचे ९०० आणि हातउसन्याचे १,२००, असे दर महिन्याला २,१०० रुपये नुसते व्याजाचे.

नोव्हेंबरात सोयाबीन विकलं. ३४ क्विंटल, पाच हजारांच्या आसपास भाव, १,७०,००० हातात आले. वडील असते तर म्हणाले असते, आधी सोसायटी भर आणि मोकळा हो. पण मी वहीवर हिशोब मांडला. सोसायटीचा पैसा ३१ मार्चपर्यंत बिनव्याजी आहे, तो आत्ता भरून मला काय मिळणार? काहीच नाही. उलट दोन्ही महाग देणी आज फेडली तर पाच महिन्यांचे १०,५०० वाचतात. हरभरा मार्चात येणारच आहे, त्यावर सोसायटी भरू.

तसंच केलं. ८५,००० ची दोन्ही देणी फेडली, २०,००० रब्बीला लावले, ६५,००० बँकेत ठेवले. चार एकर हरभऱ्याचे २४ क्विंटल धरले होते. ४,६०० नं धरले तरी लाखाच्या वर. हिशोब अगदी चोख होता. चार महिने मी गावात ताठ मानेनं फिरलो, दुकानदाराकडं मान खाली घालून जायची गरज नव्हती.

हिशोबात फक्त आभाळ धरलं नव्हतं.

मार्च २०२३ च्या मधल्या आठवड्यातली गारपीट आठवते ना? माझा हरभरा काढून ढीग लावलेला होता. ताडपत्री टाकली, पण वाऱ्यानं ती शेजारच्या बांधावर नेली. सगळं झाल्यावर ९ क्विंटल हाती लागला, तोही काळा पडलेला. हमीभाव ५,३३५ होता, पण असला माल खरेदी केंद्रावर कोण घेणार? व्यापाऱ्यानं ४,००० लावला. ३६,००० आले.

६५ आणि ३६, एक लाख एक हजार. कमी पडले ४९,०००. तारीख होती २३ मार्च.

पारावर नेहमीचा सल्ला मिळाला, "भरू नको, कर्जमाफी येईल." आता २०१९ च्या माफीत ३० सप्टेंबरची थकबाकी धरली होती, तेव्हा न भरणारे सुटले हे खरं. नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांचं प्रोत्साहन मिळायला २०२२ उजाडलं हेही खरं. राग मलाही येतो. पण माफी कधी येईल, कोणत्या तारखेची धरतील, याच्या भरवशावर जूनची पेरणी होत नाही. आणि न भरल्यावर दहा महिन्यांचं व्याजच ८,७५० होत होतं.

शेवटी ज्याचे ४० हजार नोव्हेंबरात फेडले होते, त्याच्याच दारात गेलो. ४९,००० घेतले, शेकडा तीननं, "आठ दिवसांसाठी". २९ मार्चला सोसायटी भरली. सचिव म्हणाले होते, नवं-जुनं आठ दिवसांत होईल. पण मंजुरी, सह्या, वरचा निधी असं करत नवं कर्ज खात्यात पडायला मे उजाडला. चव्वेचाळीस दिवस. तो दिवस मोजत नाही, महिने मोजतो. दोन महिन्यांचे २,९४० घेतले.

ते देऊन घरी आलो तेव्हा घरच्यांनी विचारलं, "अहो, माझी पोत कपाटात होती. बँकेत ठेवली असती तर किती लागलं असतं?"

मी वही काढली. सोनेतारण १० टक्क्यांनी धरलं तरी चव्वेचाळीस दिवसांचे ५९० रुपये.

"मग मला का नाही सांगितलं?"

काय सांगणार? नोव्हेंबरात मीच तिला हिशोब दाखवून म्हटलं होतं, बघ, कसं डोकं लावलं. मार्चात तेच डोकं चुकलं हे सांगायची लाज वाटली. त्या लाजेची किंमत २,३५० रुपये. त्या दोन महिन्यांत झोप लागत नव्हती, ती किंमत वहीत नाही.

आता विचाराल, तो हिशोब चुकीचा होता का? नाही. १०,५०० वाचले, २,९४० गेले, तरी साडेसात हजार पदरात राहिले. महाग कर्ज आधी फेडायचं हे बरोबरच. चूक ही की सगळा भार एका उभ्या पिकावर टाकला आणि घरात कुणाला बोललो नाही.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. सोयाबीनची पट्टी आली की सोसायटीच्या रकमेतले दोन तृतीयांश ठेवीत टाकतो, आणि ती ठेव १५ मार्चच्या आत मोकळी होईल अशीच करतो. उरलेल्यातूनच महाग देणी फेडतो. थोडं व्याज जास्त जातं, जाऊ दे. दुसरं, सोसायटी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. नवं कर्ज कधी येईल ते आपल्या हातात नाही, म्हणून नवं येईपर्यंतचा घरखर्च आधीच बाजूला काढतो. तिसरं, वही आता दोघांत आहे. आकडे ती लिहिते.

पुतण्याला एवढंच म्हटलं, फुकटचा पैसा फुकट नसतो, त्याचं भाडं तारखेच्या रूपानं द्यावं लागतं. तो म्हणाला, "काका, माझा पगार तरी गारपिटीनं जात नाही." म्हटलं, नोकरी जाते की बाबा.

तर मंडळी, मार्च लांब आहे तोवरच वही काढा. आणि तुमच्याकडं भरल्यावर नवं कर्ज किती दिवसांत मिळतं ते खाली नक्की लिहा. सगळ्यांनाच उपयोग होईल.

संध्याकाळची लाईट आली. मोटार चालू करायला निघतो. राम राम.