हदगाव ते नागपूर : पावसातली आमची जीप

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे म्हटले की आमच्या हदगावात आठ दिवस आधीपासून तयारी सुरू होते. भाकरी, लसणाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, अंथरूण-पांघरूण, पाण्याचा कॅन. या तयारीत आम्ही पाऊस कधी धरलाच नव्हता. दसऱ्याला कुठला आलाय पाऊस, असे आम्ही म्हणत असू. २०१९ साली ही चूक आम्हाला चांगलीच महागात पडली.

त्या वर्षी विजयादशमी ८ ऑक्टोबरला होती आणि मान्सूनने देशातून परतायला सुरुवातच मुळी ९ ऑक्टोबरला केली. इतका उशीर पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. आमच्या मामांची कापडी हुडाची जुनी जीप होती. लहानमोठी धरून आम्ही नऊ जण ७ तारखेला पहाटे निघालो.

उमरखेडच्या अलीकडे पैनगंगा ओलांडली की मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा नदीच्या या काठावर हैदराबाद राज्य होते आणि त्या काठावर मध्य प्रदेश. पुढे १ नोव्हेंबरला दोन्ही काठ मुंबई राज्यात आले. म्हणजे आमच्या भागातून तेव्हा जे गेले, ते परराज्यात गेले. पुलावर आलो की ही गोष्ट मुलांना सांगायची, हा आमच्या घरचा रिवाज आहे.

आर्णीच्या पुढे पाऊस लागला. हुडाचे कापड दोन कमानींच्या मध्ये सैल पडलेले. तिथे पाणी साचून पोट सुटल्यासारखे झाले. धाकट्याने आतून हात लावून ते वर ढकलले. मामा ओरडले, "हात लावू नका रं वरी!" तोवर शिवणीतून धार सुटली आणि आजीच्या डोक्यावरचा पदर ओलाचिंब झाला. आजी म्हणाली, "राहू दे, लेकराला काय ठावं." यवतमाळला थांबून मामांनी हुडाचे पट्टे ताणून बांधले, तेव्हा कुठे पाणी वाहून जाऊ लागले.

रात्री नागपूरला आजी आणि तीन मुले जीपमध्येच झोपली. थंडी लागू नये म्हणून आम्ही बाजूचे सगळे पडदे घट्ट बांधले. रात्रभर पावसाचा थेंब पडला नाही, तरी सकाळी गोधड्या दमट आणि हुडाला आतून थेंब लागलेले. हूड गळतो म्हणून आम्ही त्यालाच दोष दिला. मामा हसून म्हणाले, "हे पाणी वरून नाही आलं, तुमच्याच श्वासाचं हाय." गरम, दमट हवा थंड कापडाला लागली की तिचे पाणी होते. बंद स्वयंपाकघरात पत्र्याला घाम येतो, तसेच हे.

दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांसमोर आजी बराच वेळ उभी राहिली. तिला वाचता येत नाही. कापूस वेचणीच्या पैशांतून तिने नातीसाठी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घेतले. आम्हीही पाच-सहा पुस्तके घेतली. सगळी एका पिशवीत घालून मागच्या सीटखाली सुरक्षित ठेवली, असे आम्हाला वाटले.

९ तारखेला परततीच्या वाटेवर पुन्हा पाऊस. या वेळी हुडातून एक थेंबही आला नाही, म्हणून आम्ही खुशीत. घरी येऊन पिशवी काढली तर खालून पाणी टपकत होते! काचेवरच्या रबरपट्टीतून आणि मागच्या दोरीवरून ओघळलेले पाणी रबरी मॅटखाली साचले होते. तळाचे पाणी बाहेर जायचे भोक चिखलाने बुजलेले. आजीचे पुस्तक सगळ्यांत खाली होते.

नात रडू लागली. पुस्तक उन्हात ठेवले तर पाने आकसतात, हे तिच्या आईला ठाऊक होते. तिने पानांमध्ये वहीचे कोरे कागद घातले, ते ओले झाले की बदलले, आणि पुस्तक पंख्याखाली उभे करून ठेवले. जवळजवळ सुकल्यावर वर पाटा ठेवला. चार दिवस लागले. पाने अजून लहरीलहरींची आहेत, पण एक अक्षर गेले नाही.

वाचकहो, कापडी हुडाची गाडी घेऊन पावसात निघणार असाल, तर आमच्याकडून एवढे शिकून घ्या. हूड ताणून बांधा. पाणी साचले तर गाडी थांबवून बाहेरून उतरवा. कोरड्या दिवसात शिवणींवर मेणबत्ती घासा. भोक पडले असेल तर रेक्झिनचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवा. बाहेरून आत येणारी दोरी बाहेरच थोडी खाली झोळ देऊन बांधा, म्हणजे पाणी तिथेच गळून पडते. झोपताना वारा येतो त्याच्या उलट बाजूचा पडदा चार बोटे उघडा ठेवा. ओले कपडे आणि चपला आत घेऊ नका. मॅट उचलून पाहा, तळाचे भोक काडीने मोकळे करा. घरी आल्यावर ओला हूड गुंडाळून ठेवू नका; बुरशी धरते आणि पुढच्या वर्षी कापड तिथेच फाटते.

आणि पुस्तके सीटखाली नको, प्लॅस्टिकमध्ये बांधून मांडीवर घ्या. आता दर दसऱ्याला आमची नात तसेच करते. रोज संध्याकाळी ती आजीला त्याच लहरी पडलेल्या पुस्तकातले एक पान वाचून दाखवते. पान चिकटलेले निघाले की आजी म्हणते, "हळू गं, फाडू नको."