नंदेसरीचं कार्ड

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तिघं नंदेसरीला गेलो: मी, माझा भाचा आणि बाबा. भाच्याला जुनं ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायचं होतं, मला ते तपासून द्यायचं होतं आणि बाबांना नुसतंच यायचं होतं. "बघू तरी, काय काय बदललंय," म्हणाले आणि टोपी घालून पुढच्या सीटवर बसले.

नंदेसरी बडोद्याच्या उत्तरेला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. छाणी जकातनाक्यावरून निघालं की फर्टिलायझरनगर, दशरथ, रणोली, पदमला, सांकरदा आणि मग नंदेसरी. बडोद्याच्या पोरांना हा रस्ता डोळे मिटून नाकाने सांगता येतो. आधी अमोनियाचा वास, मग एक गोडसर वास आणि नंदेसरी जवळ आली की जिभेवर येणारी आंबट चव. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, खताचा कारखाना त्याच दशकातला, आयपीसीएलची स्थापना १९६९ ची. त्यांच्या पाठोपाठ नंदेसरीची औद्योगिक वसाहत आली. रंग, रंगांसाठी लागणारी रसायनं, आम्लं असे छोटे-मोठे कारखाने इथे एकमेकांना चिकटून उभे आहेत. त्यांतल्या एकात बाबा १९८५ ते २०१६ अशी एकतीस वर्षं होते. दांडिया बाजारातून सायकलने स्टेशन, तिथून लोकलने नंदेसरी, हातात तीन कप्प्यांचा डबा.

आता कार्डाबद्दल. भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने चौदा हजार रुपये साठवले होते. घरात भावजींचा जुना डेस्कटॉप होता, त्यात कार्ड टाकायचं आणि खेळायचं, एवढाच बेत. भावजींचं म्हणणं, "सेकंडहँड वस्तू म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं." मी मध्ये पडलो. म्हटलं, नीट बघून घेतलं तर जुनं कार्ड वाईट नसतं, मी बरोबर जातो. म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली.

त्याचं मन बसलं होतं जीटीएक्स १०८० टीआयवर. हे कार्ड मार्च २०१७ मध्ये आलं तेव्हा खेळणाऱ्यांच्या जगातला राजा होतं. ११ जीबी मेमरी. आजही निव्वळ ताकदीत ते २०२१ च्या आरएक्स ६६०० च्या तोडीचं आहे. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी कळवलं की नंदेसरीत एक जण ते अकरा हजारांना विकतोय. भाचा रात्रभर झोपला नाही.

विकणारे गृहस्थ जळगावकडचे निघाले. वसहतीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, गावात भाड्याची खोली. मराठी ऐकताच त्यांनी आधी चहा टाकला. बाबांनी कोणत्या साली कुठे नोकरी केली याची चौकशी झाली, दोन-तीन ओळखीची नावं निघाली, आणि मग कॉम्प्युटर सुरू झाला.

मी पेन ड्राइव्हवर फरमार्क नेलं होतं. ते कार्डावर पूर्ण ताण टाकतं. वीस मिनिटं चालवलं. तापमान ८३ अंशांवर जाऊन थांबलं, पडद्यावर एकही रेघ किंवा ठिपका उमटला नाही, पंख्याचा आवाज थोडा खरखरीत पण ठीक. भाचा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की आता पैसे काढायचेच.

तेवढ्यात त्या गृहस्थांनी स्वतःच कॉम्प्युटर बंद केला आणि कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवलं. "आता हे बघा," म्हणाले आणि मोबाइलचा टॉर्च मारला. पट्टीच्या स्क्रूंवर गंज होता. उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांवर कडेने हिरवट थर चढला होता. एक-दोन सुट्या भागांच्या टोकांशी काळी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं.

"तीन वर्षं या खोलीत आहे," ते म्हणाले. "आमच्या कंट्रोल रूममध्ये तांब्याची आणि चांदीची पट्टी महिनाभर टांगून ठेवतात. मग तिच्यावर किती थर चढला ते मोजायचं. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर हवा ठीक. दोन हजारांच्या वर गेलं तर इलेक्ट्रॉनिक्ससाठी हवा फारच वाईट. म्हणून कंट्रोल रूमच्या एसीला वायू शोषणारे फिल्टर असतात. या खोलीला काय, खिडकी आहे. कार्ड आज चालतंय. पुढच्या पावसाळ्यानंतरचं मी सांगणार नाही. दमट हवेत हे काम जोरात होतं."

मी अशा गोष्टी वाचल्या होत्या, पण समोर पाहिल्या नव्हत्या. हवेतलं गंधक तांबं आणि चांदी काळं करतं, क्लोरिन आणि आम्लाची वाफ हिरवं करते. छपाई केलेल्या पाटीवरच्या तारा फार बारीक असतात. तिथे हा थर पसरला की कधी जोड तुटतो, कधी नको तिथे जुळतो.

भाच्याने कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग विचारलं, "आजोबा, तुम्ही इथे किती वर्षं होतात?"

"एकतीस."

कुणी काही बोललं नाही. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या गृहस्थांना म्हणाले, "आमच्या कारखान्यात कंट्रोल रूमला एसी आला ना, तो मशीनसाठी आला. उन्हाळ्यात आम्ही डबा खायला तिथे जाऊन बसायचो. मॅनेजर बघून न बघितल्यासारखं करायचे." ते हसले. आम्हीही हसलो, पण भाचा कार्डाकडेच बघत राहिला.

त्या गृहस्थांनी किंमत आठ हजारांवर आणली. आम्ही नाही म्हटलं. त्यांना राग आला नाही, उलट "बरं केलं" म्हणाले. विकणाराच असा भेटणं ही नशिबाची गोष्ट. सगळे असे नसतात.

परतायच्या आधी बाबांना मही बघायची होती. नंदेसरीच्या पलीकडे थोड्याच अंतरावर नदी आहे, आजूबाजूला मातीची खोल कोतरं. फाजलपूर, रायका, दोडका या नदीकाठच्या गावांजवळ मोठ्या विहिरी आहेत आणि बडोद्याच्या मोठ्या भागाला पिण्याचं पाणी त्यांतून येतं. कारखान्यांचं सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणून १९८३ पासून एक कालवा ते पन्नासहून अधिक किलोमीटर लांब खंभातच्या आखाताकडे नेतो. शेजारीशेजारी एवढ्या दोन गोष्टी. नळ उघडताना आमच्यापैकी किती जणांना हे आठवतं?

नदीकाठी उभं असताना मला २००८ साल आठवलं. मी बीईच्या पहिल्या वर्षाला होतो, कलाभवनात. कॉम्प्युटर हवा होता. बाबांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून वसाहतीतल्या एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणला. तो चौदा महिने चालला आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मेला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बघून नुसती मान हलवली. तेव्हा मी बाबांना म्हणालो होतो, "तुम्ही नेहमी स्वस्त बघता, चांगलं बघत नाही." ते काही बोलले नव्हते. मीही तो विषय पुन्हा काढला नव्हता.

आता काढला. म्हटलं, "बाबा, माझा तो पहिला कॉम्प्युटर आठवतो? त्याचा बोर्डही आतून असाच हिरवा झाला होता. तुमची निवड चुकली नव्हती. हवेने खाल्ला त्याला. मी उगाच बोललो होतो."

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे त्या क्लार्कने मला फसवलं नव्हतं तर! सतरा वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या देतोय."

त्यानंतर गाडीत वातावरण हलकं झालं. शहरात येऊन सेव उसळ खाल्ली आणि भाच्याशी हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारी बरीच मुलं मला हाच प्रश्न विचारतात: जुन्या पिढीचं कार्ड घेण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण कार्डाचं नाव आणि किंमत बघून ठरवू नका. आधी काय खेळणार ते ठरवा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ असे खेळ १०८०पीच्या पडद्यावर खेळायचे असतील तर २०१९ चं जीटीएक्स १६५० सुद्धा पुरतं. ते ७५ वॅटमध्ये भागवतं. बऱ्याच मॉडेलना वेगळी वीजजोडणीही लागत नाही. पण भाच्याला डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' खेळायचा होता. हा खेळ रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असल्याशिवाय चालत नाही. २०२५ च्या 'डूम: द डार्क एजेस'चंही तसंच. १०८० टीआयमध्ये ते हार्डवेअर नाही. ११ जीबी असूनही ते या खेळांपुरतं बाद, आणि त्याच्याहून साधं आरएक्स ६६०० दोन्ही खेळांच्या किमान गरजेच्या यादीत बसतं.

दुसरं, ड्रायव्हर किती वर्षं मिळणार ते बघा. एन्व्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. कार्ड लगेच बंद पडणार नाही, पण नव्या खेळात अडचण आली तर कुणी दुरुस्त करणार नाही. जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २००० या मालिका त्या यादीत नाहीत.

तिसरं, तुमच्या डब्याची वीज मोजा. १०८० टीआय २५० वॅट खातं आणि त्यासाठी ६०० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवलेला आहे. भाच्याकडे ४५० वॅटचा होता. म्हणजे आठ हजारांचं कार्ड अधिक नवा पॉवर सप्लाय. स्वस्ताई तिथेच संपली असती. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट पुरतात.

आणि चौथं, जे मी नंदेसरीत शिकलो: कार्ड कुठे राहिलं ते विचारा. सगळे विचारतात, "मायनिंगला वापरलंय का?" इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं तेव्हा अशी पुष्कळ कार्डं बाजारात आली. त्यांचे पंखे आणि मेमरीवरचे पॅड झिजलेले असू शकतात. ते बदलता येतात. गंज बदलता येत नाही. म्हणून नुसता फरमार्क चालवून समाधान मानू नका. कार्ड हातात घ्या, टॉर्च मारा, स्क्रू बघा, तांबं बघा. समुद्राजवळच्या घरातलं असेल तर जास्तच बघा. बिल मागा. आणि एआयचा अभ्यासही करायचा असेल तर एन्व्हिडियाचं कार्ड सोयीचं. २०२१ चं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, चांगल्या अवस्थेत मिळालं तर सोडू नका.

नवं कधी घ्यावं? नव्या आणि जुन्या कार्डाच्या किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक असेल तेव्हा. वॉरंटीची किंमत तेवढी असतेच.

दोन आठवड्यांनी फतेगंजमधल्या एका विद्यार्थ्याकडून भाच्याने साडेतेरा हजारांना आरएक्स ६६०० घेतलं. बिल होतं, खोकं होतं. त्या मुलाने कॉम्प्युटर सुरू करायला हात पुढे केला, तर भाचा म्हणाला, "आधी कार्ड बाहेर काढता का?" आणि खिशातून टॉर्च काढला.

रात्री खेळ सुरू झाला तेव्हा बाबा खुर्ची ओढून मागे बसले होते. थोडा वेळ बघून त्यांनी भाच्याला विचारलं, "खिडकी बंद करू का रे? धूळ जाईल त्याच्यात." मग उठून त्यांनी खरंच खिडकी बंद केली. परवा मी त्यांच्यासाठी छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. "काही होत नाहीये मला," असं म्हणत होते, पण भाच्याने त्यांना तांब्याच्या पट्टीची आठवण करून दिली आणि ते तयार झाले.