फियाटला ऑइल कोणतं घालायचं

चि. बाळास,


तुझ्या बाबांची पद्मिनी तू सांगलीहून डोंबिवलीला स्वतः चालवत नेलीस हे आईकडून कळलं. फार बरं वाटलं. अंगणात ताडपत्रीखाली गंजत पडण्यापेक्षा गाडी रस्त्यावर असलेली कधीही चांगली. तुझा निरोपही पोचला. सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात, बाजारातलं सगळ्यात भारी सिंथेटिक घाल, ५डब्ल्यू-३०. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, जुनी गाडी आहे, मिळेल तेवढं जाड घाल. दोघांनाही गाडीचं भलंच हवं आहे, पण दोघांनीही बॉनेट उघडून पाहिलेलं नाही. हे सगळं फोनवर सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

उत्तर आधी सांगून टाकतो. चांगल्या कंपनीचं २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइल घाल. कारणंही नीट वाच, नाहीतर उद्या तिसरा कुणीतरी भेटेल आणि तू पुन्हा गोंधळात पडशील.

कॅनवरचा पहिला आकडा थंडीचा असतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० वर. थंड देशात पहाटे स्टार्टर मारल्यावर इंजिन फिरलं पाहिजे, त्यासाठी ही सगळी खटपट. डोंबिवलीत पारा १५ अंशांवर आला तरी लोक स्वेटर काढतात. तिथे तुला ५डब्ल्यूचा काडीचाही उपयोग नाही. उद्या नाशिकला किंवा महाबळेश्वरला ऐन डिसेंबरात मुक्काम केलास तरी २०डब्ल्यूची गाडी सकाळी बिनतक्रार सुरू होईल.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा, आणि आपल्याकडे खरं महत्त्व त्याला. ऑइल १०० अंशांवर तापवून त्याचा दाटपणा मोजतात. सेंटिस्टोक हे त्याचं माप. ९.३ ते १२.५ मध्ये बसलं तर ते ३० नंबरचं, १२.५ ते १६.३ म्हणजे ४०, त्यापुढे २१.९ पर्यंत ५०. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये जी केसाहून बारीक फट असते तिच्यात ऑइलचा थर टिकून राहिला पाहिजे, लोखंडाला लोखंड लागता कामा नये. आजच्या गाड्यांत ही फट आणि ऑइलचा पंप पातळ ऑइल धरूनच आखलेले असतात, म्हणून त्यांना ३० काय, २० नंबरसुद्धा चालतं. तुझ्या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं. त्याचा मूळ आराखडा फियाटने इटलीत १९३७ साली रस्त्यावर आणला, मल्टिग्रेड ऑइल बाजारात रुळायच्या कितीतरी आधी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ काढली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. नाव बदललं, बाहेरची सजावट बदलली, इंजिन मुळात तेच राहिलं. तुझी गाडी १९८७ ची. म्हणजे वयाचा घसारा धरला तर बेअरिंगच्या फटी कारखान्यातून निघाल्या तेव्हापेक्षा थोड्या मोठ्याच झाल्या असणार. तिथे ३० नंबरचं ऑइल तापल्यावर फार सहज निसटून जाईल. सिग्नलला गाडी स्लोवर उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागेल.

मग मेकॅनिकचं म्हणणं खरं धरून सरळ ५० का घालू नये? दिवा खरोखर लुकलुकत असेल तर घाल, एप्रिल-मेमध्ये तर जरूर घाल. पण उगाच नको. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना बॉनेट उघडं ठेव आणि कान दे. टॅपेटचा टकटक आवाज येईल आणि काही क्षणांत दबेल. खालच्या चेंबरमधून ऑइल उचलून वर रॉकरच्या दांड्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तो हा आवाज. ऑइल जितकं जाड तितका तो वेळ लांबतो, आणि इंजिनाची बरीचशी झीज याच सुरुवातीच्या क्षणांत होते. शिवाय रिंगा गेलेल्या गाडीत जाड ऑइल घातलं की धूर थोडा कमी होतो, आवाज थोडा मऊ होतो आणि मालकाला वाटतं गाडी सुधारली. गाडी विकायच्या आधी जाड ऑइल घालायची चाल याचसाठी पडली. तुला गाडी विकायची नाही, ठेवायची आहे. तिचं दुखणं तुला दिसलं पाहिजे.

दुखणं कसं बघायचं तेही सांगतो. सायलेन्सरमागे कुणालातरी उभं कर. बराच वेळ उभी असलेली गाडी सुरू करताना निळा धूर येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या गाइड-सीलमधून ऑइल उतरतंय. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर सुटत राहिला, तर रिंगा-बोअरचं काम आहे. पट्टीवरचं ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नकोस. ऑइलमधलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतं, म्हणून ते काळं होतं, ते त्याचं कामच आहे. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र गाडी जागची हलवू नकोस. त्यात पाणी शिरलंय, बहुधा हेडच्या पॅकिंगमधून.

आता जस्ताविषयी. हे सोसायटीतल्या गृहस्थांना माहीत असण्याचं कारण नाही, पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. तुझ्या इंजिनात कॅम फिरतो आणि चपट्या तोंडाच्या टॅपेटवर घासत त्याला वर ढकलतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत त्या जागी रोलर असतो, तो घासत नाही, गरगरतो. पद्मिनीत कॅमचं टोक आणि टॅपेटचं तोंड यांच्यावर एवढा दाब येतो की नुसता ऑइलचा थर तिथे पुरत नाही. तिथे जस्त आणि फॉस्फरस यांचं एक संयुग उपयोगी पडतं. ते धातूवर स्वतःचा एक पातळ लेप चढवतं, झिजतो तो लेप, कॅम वाचतो. अडचण अशी की हाच फॉस्फरस धुराबरोबर बाहेर पडून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. जगभर तेच चाललं होतं, त्यामुळे ऑइलमधला फॉस्फरस टप्प्याटप्प्याने कमी होत गेला. ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये, ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआयच्या एसएम दर्जापासून, म्हणजे २००४ पासून, त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के आहे. नव्या गाडीला ते पुरतं. तुझ्या गाडीला कन्व्हर्टर नाही, त्यामुळे वाचवायचं असं काही नाही. कॅम मात्र आहे, आणि तो झिजला तर नवा मिळवण्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चपला झिजवाव्या लागतील. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ ला कायमची उतरली. तिच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा धंदाही आता आटत चाललाय.

२०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या जाड ग्रेडना ती ०.०८ ची मर्यादा लागू नाही. म्हणून कॅनवर एसएल, एसएम, एसएन यांपैकी कोणताही दर्जा असला तरी चालेल. २०डब्ल्यू-४० हल्ली दुकानात मोटरसायकलच्या कप्प्यातच जास्त दिसतं. गाडीचं नाहीच मिळालं तर १५डब्ल्यू-४० घे, ज्याच्यावर पेट्रोल आणि डिझेल दोन्हींचे दर्जे लिहिलेले असतात ते, उदाहरणार्थ सीआय-४ आणि एसएल. एसटीच्या कार्यशाळेत उभी हयात डिझेल इंजिनांत गेल्यामुळे या ऑइलवर माझा विशेष जीव आहे. त्यात जस्तही चांगलं असतं आणि स्वच्छ करायची ताकदही. मात्र जस्ताच्या वेगळ्या बाटल्या मिळतात त्या आणू नकोस. कंपनीने सगळं मोजून मिसळलेलं असतं. ते संयुग प्रमाणाबाहेर गेलं तर झीज उलट वाढते.

सिंथेटिकबद्दल लोक सांगतात की ते जुने सील खातं. आजच्या सिंथेटिकबाबत ते खरं नाही. इतकंच होतं की वर्षानुवर्षं मिनरल ऑइलवर चाललेल्या इंजिनात पॅकिंगच्या कडांना मळ बसून भेगा बुजलेल्या असतात. सफाई करणारं पातळ ऑइल तो मळ सोडवतं आणि गळती उघडी पडते. गाडी गळते, दोष ऑइलला लागतो. तुझ्या बाबांनी गाडीला कायम मिनरलच घातलं. ते वेळेवर बदललंस तर याहून महागड्या ऑइलची गाडीला गरज नाही. वाचलेले पैसे पॅकिंगला ठेव.

पुढच्या रविवारी एक काम कर. टॅपेट कव्हर खोल. पॅकिंग नवं आणून ठेव, जुनं बहुधा सोलूनच निघेल. आत बॅटरी मारून बघ. रॉकरवर तपकिरी, चहाच्या रंगाची झाक असेल तर सगळं ठीक आहे. काकवीसारखा काळा चिखल साचलेला दिसला तर हाताला येईल तेवढा पुसून काढ, पण इंजिन फ्लशची बाटली आतमध्ये ओतू नकोस. तो चिखल एकदम सुटून खाली पंपाच्या जाळीत बसला तर इंजिन कोरडं पडेल. त्यापेक्षा साधं ऑइल घालून १००० किलोमीटर चालव, गरम असतानाच काढून टाक, फिल्टर बदल, आणि पुन्हा एकदा तसंच कर. हळूहळू धुऊन निघेल. तेल दोनदा वाया जातंय असं आईला वाटेल, तिला माझं नाव सांग.

आणखी एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. तुझ्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला जोडलेला आहे आणि कॅमवर चालतो. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल थेंबथेंब ऑइलमध्ये उतरतं. आताचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. १९८७ चं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. म्हणून दर आठवड्याला गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून पट्टी काढ, पूस, परत घाल, परत काढ. ऑइल कमी झालं तर भरता येतं. वाढलेलं दिसलं तर पट्टी नाकाशी धर. पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांब. पेट्रोल मिसळलेलं ऑइल बेअरिंग पार खाऊन टाकतं, मग ४० घाल नाहीतर ५०. पंपाचा नवा किट बसव, ऑइल पूर्ण बदल, मगच गाडी सुरू कर.

किती दिवसांनी बदलायचं? ५००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. डोंबिवलीत तू स्टेशनपर्यंत आणि भाजीला गाडी नेणार. इंजिन नीट तापायच्या आत बंद होणार, आतली वाफ आतच राहणार. अशा वापरात किलोमीटर भरत नाहीत, ऑइल मात्र खराब होतं. म्हणून महिन्यातून एकदा तरी तिला मोकळ्या रस्त्यावर तासभर पळव. खोपोलीपर्यंत जाऊन ये.

ऑइल पेट्रोल पंपावरून किंवा ओळखीच्या दुकानातून घे, सील नीट बघ. रिकामा कॅन भंगारात देण्याआधी कापून टाक, नाहीतर तोच कॅन भलतंच काही भरून पुन्हा बाजारात येतो. निघालेलं जळकं ऑइल गटारात सोडू नकोस. गावाकडे आम्ही ते वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना फासायचो. आता तेही करू नये, ते अंगाला लागणंसुद्धा चांगलं नाही. हातमोजे घाल, डब्यात भरून सर्व्हिस स्टेशनला दे. त्यांच्याकडून ते शुद्धीकरणासाठी जातं.

डॅशबोर्डच्या खणात बाबांची वही असेल, त्यात प्रत्येक बदलाची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले आहेत. शेवटची नोंद कधीची आहे ते मला कळव. टॅपेट कव्हर उघडलंस की आतला फोटोही पाठव, म्हणजे एकदा धुवावं लागेल की दोनदा ते सांगतो.

मामीचे आशीर्वाद. आईला नमस्कार.

तुझा,
मामा