वडिलांआधी चित्र

अंबिका धुरंधर यांच्याविषयी सांगताना पहिल्या वाक्यात वडील येऊ द्यायचे नाहीत, हा माझा जुना हट्ट. रावबहादूर म. वि. धुरंधर आणि त्यांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आम्हा चित्रकला शिक्षकांना पाठ असतं. लेकीने १९३१ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली, ‘माझी स्मरणचित्रे’ लिहिलं, हे मात्र शिक्षकांनाही नवं वाटतं.

अँजेला त्रिंदाद (१९०९–८०) यांच्याबाबतीत पेच तोच. मूळ गोव्याचं घर. वडील अंतोनियो झेवियर त्रिंदाद जे. जे.मधले नावाजलेले शिक्षक. तिथे मी आधी अँजेलांची साडीतली मेरी दाखवते आणि गप्प बसते. मुलं पदर बघतात, बसण्याची ढब बघतात, आपसांत वाद घालतात. चित्रकर्तीचं नाव त्यानंतर. वडील शेवटी, कुणी विचारलं तरच. “बाई, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं,” असं मुलं म्हणाली की मी सुखावते. ते ऐकण्यासाठी हा पाठ मी मुद्दाम निरीक्षणाच्या दिवशी घेतला आहे.

हल्ली मुलांसाठी अशा चित्रकर्तींवर पुस्तकं निघतात, कार्यशाळा होतात. बहुतेकांत अन्याय पानभर आणि चित्र टपाल तिकिटाएवढं. मुलांच्या डोक्यात एक बिचारी बाई राहते, तिची रेषा राहत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

मध्यंतरी सातवीतल्या मुलीने विचारलं, “ज्यांचे बाबा चित्रकार नव्हते, त्या मुली कुठे शिकायच्या?” तेव्हापासून माझा क्रम बदलला. वडील झाकले तर जे. जे.चं दार कुणामुळे उघडलं, हेही झाकलं जातं. आता वडील येतात, आणि त्यांच्याही आधी येतो वारल्यांचा लग्नाचा चौक. गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाष्णींनी काढलेला. मधोमध पालघट देवी. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण त्यांच्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव मी फळ्यावर लिहू शकत नाही.

मुलांना चित्राखाली नाव हवंच असतं. कुणी ‘सवाष्णी’ लिहितं, कुणी पाड्याचं नाव सुचवतं. एकाने रेघ मारून जागा मोकळी सोडली, तर शेजारच्याने त्याच्याशी भांडण काढलं. मी अजून कुणाचीही बाजू घेतलेली नाही.