चार खाड्यांचा रस्ता

पनवेलहून आमच्या गावी जायचा सरळ रस्ता महामार्गाचा. फजरनंतर निघालं की संध्याकाळी घरी. गेल्या जानेवारीत आम्ही दोघं नवरा-बायको मोटारसायकलवरून निघालो, तेव्हा मात्र समुद्रकाठचा रस्ता धरला. या रस्त्यावर चार ठिकाणी खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते आणि दोन दिवस मोडतात. मुलांना आम्ही सांगितलं, "निसर्ग बघत बघत जाणार." ते अर्धंच खरं होतं. उरलेलं खरं असं, की आम्हाला लवकर पोहोचायचं नव्हतं.

अब्बांच्या इंतकालनंतर घर आणि आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून भाईजानशी आमची बोलाचाली झाली होती. फोनवर आमच्या तोंडून एक शब्द गेला, जो जायला नको होता. तेव्हापासून तीन वर्षं बोलणं बंद. पुतणीच्या निकाहलाही आम्ही गेलो नाही. डिसेंबरात भाभींचा फोन आला. जुन्या घराचं छप्पर उतरवायचं आहे, अब्बांच्या पेटीतलं काय ठेवायचं ते येऊन सांगा, म्हणाल्या. फोन भाभींनी केला होता, भाईजाननी नाही. आम्ही हो म्हटलं आणि लांबचा रस्ता निवडला.

सफरची दुआ पढून गाडीला किक मारली. अलिबाग, रेवदंडा मागे टाकलं आणि काशीदच्या पुढे रस्ता समुद्राला लागला. मोटारसायकलवर एक गोष्ट लक्षात येते. हेल्मेट आणि वारा यांमुळे चालत्या गाडीवर बोलता येत नाही. जे बोलायचं ते थांबल्यावर. त्यामुळे एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत माणूस आपल्या मनातलं मनातच घोळवत बसतो.

मुरूडला जंजिरा दिसतो तिथे सगळेच थांबतात. हबशी सिद्दींचा हा जलदुर्ग कुणालाच जिंकता आला नाही आणि त्यांचं संस्थान 1948 पर्यंत टिकलं, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. पण आम्हाला जास्त भावला तो पुढे आगरदांड्याच्या वाटेवरचा खोकरीचा थांबा. झाडीत दगडी घुमटांच्या कबरी उभ्या आहेत. सर्वांत मोठी सिद्दी सुरूलखानाची आणि जवळजवळच्या दोन सिद्दी कासम आणि खैरियतखान या भावांच्या. दगडावरची जाळी, नक्षी अजून शाबूत आहे. आम्ही फातेहा पढलो, थर्मासमधला चहा घेतला. दोन भावांच्या कबरी शेजारी शेजारी बघून आम्हा दोघांच्याही मनात एकच आलं असणार, पण कुणी बोललं नाही. गाडी सुरू केली आणि आगरदांड्याच्या बोटीवर चढवली.

दिघीला उतरून दिवेआगर, मग शेखाडीवरून श्रीवर्धन. हा तुकडा पाहायला सर्वांत सुंदर आणि चालवायला सर्वांत फसवा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला थेट समुद्र, आणि वळणावर वाऱ्याने आणून टाकलेली वाळू. नजर पाण्याकडे गेली की चाक वाळूत जातं. म्हणून आम्ही ठरवलं, बघायचं तर थांबूनच बघायचं. गाडी वळणावर उभी करायची नाही, पुढे सरळ रस्ता लागला की पूर्ण कडेला घ्यायची. जमीन भुसभुशीत असेल तर साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवायचा. शेखाडीच्या पुढे अशाच एका ठिकाणी खडकावर बसून आम्ही सूर्य बुडताना पाहिला. मगरिबची वेळ होत आली तसे श्रीवर्धनला खालाजानच्या घरी मुक्कामाला गेलो.

खालाजान सत्तरी ओलांडलेल्या. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण वाढताना त्यांनी विचारलं, "भावाकडे चाललात ना?" आम्ही छपराचं, पेटीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तीन दिवसांच्या वर भावाशी अबोला धरू नये, ही हदीस तुम्हाला मी सांगायला हवी का? तुमची तर तीन वर्षं झाली." मग त्यांनी आणखी एक भाकरी ताटात टाकली. त्या रात्री आम्हाला उशिरा झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याची पहिली बोट गाठायची होती. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते, पलीकडे वेसवी आणि वर बाणकोटचा किल्ला. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो. मागे बसणाऱ्याने खाली उतरावं आणि चालवणाऱ्याने पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गाडी बोटीवर घ्यावी. बोटीत गाडी गिअरमध्ये टाकून हाताने धरून उभं राहावं लागतं. बोट सुटली की इंजिन बंद. मग नुसतं पाणी आणि आपण दोघं. तिथेच मागच्या सीटवरून तीन वर्षं न आलेला प्रश्न आला, "अहो, तो शब्द आपण परत घेतला असता तर काय गेलं असतं?" उत्तराला सुचलं नाही. पलीकडचा काठ आला.

पुढे केळशी. इथल्या याकूबबाबांच्या दर्ग्याला शिवाजी महाराजांनी जमीन इनाम दिली होती. दर्ग्याच्या आवारात थोडा वेळ टेकलो आणि निघालो. आंजर्ल्याकडून हर्णैला जाताना चढावरून समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. तिथे पाच मिनिटं पुरतात. दापोलीला पेट्रोल भरून घेतलं, कारण पुढे गरजेच्या वेळी पंप सापडेलच असं नाही.

दुपारी दाभोळला पोहोचलो. वाशिष्ठीच्या काठावर आदिलशाही काळातली दगडी मशीद उभी आहे, मोठा घुमट, चार मिनार. तिची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. विजापूरची शहजादी, जिला लोक आयशाबी म्हणतात, हजला निघाली होती. दाभोळ बंदरात आली आणि समुद्रावरच्या लुटारूंच्या भीतीने तिचं जहाज पुढे जाऊ शकलं नाही. सोबत हजसाठी आणलेला पैसा होता. काझी-मौलवींचा सल्ला घेऊन तिने त्यातून इथे ही मशीद बांधली. मशिदीचं बांधकाम 1659 च्या सुमाराचं सांगतात.

आपली कोकणी घरं बहुतेक शाफई. मुसाफिराला जोहर आणि असर कसर करून एकत्र पढण्याची सवलत आपल्याकडे आहे. मशिदीच्या आवारात आम्ही ती घेतली. अल्लाहने मुसाफिरासाठी फर्ज हलकं केलं, पण माफ केलं नाही, हे तिथे बसल्या बसल्या मनात आलं. नमाज झाल्यावर आम्ही पहिल्यांदा नीट बोललो. ती शहजादी जिथे अडली तिथे रडत बसली नाही, जवळ होतं ते तिथेच लावून टाकलं. आम्ही मात्र तीन वर्षं अडलो होतो आणि त्या जागी काहीच उभं केलं नव्हतं. दुआत आम्ही काय मागितलं ते एकमेकांना विचारलं नाही. मुसाफिराची दुआ कबूल होते म्हणतात.

दाभोळहून बोटीने धोपावे, मग गुहागर. गुहागरच्या सुरूच्या सावलीत थांबायचं ठरलं होतं, पण आम्ही थांबलो नाही. आदल्या दिवशी दर तासाला थांबायला निमित्त शोधणारे आम्ही आता घड्याळ बघत होतो.

तवसाळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. समोर शास्त्री नदीची रुंद खाडी, पलीकडे जयगड, आणि बोट त्या काठाला. ती येईपर्यंत वेळ होता. आम्ही फोन काढला आणि भाभींचा नाही, भाईजानचा नंबर लावला. सलाम आम्हीच आधी केला. पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग जवाब आला, पूर्ण जवाब, रहमत आणि बरकतीसह.

"कुठवर आलात?"

"तवसाळला. बोटीची वाट बघतोय."

"म्हणजे मगरिबला इथे. भात टाकायला सांगतो." आणि थोडं थांबून, "गाडी सांभाळून चढवा. धक्का निसरडा आहे."

त्या शब्दाबद्दल आम्ही त्याच रात्री जेवणाआधी माफी मागितली. भाईजान म्हणाले, "मीही काही कमी बोललो नव्हतो." छप्पर उतरलं. अब्बांची पेटी उघडली, तिच्यात त्यांची तस्बीह, रेशनकार्ड आणि आमच्या शाळेच्या फीच्या पावत्या निघाल्या. कलमांची वाटणी अजून व्हायची आहे. ती सोपी नाही, पण आता दोघं एका ओट्यावर बसून बोलतो.

परत येताना वेळ नव्हता म्हणून महामार्गाने आलो. एका दिवसात घर गाठलं आणि वाटेत काय पाहिलं ते आज आठवतही नाही. तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने जाणार असेल तर पावसाळा टाळा, फेरीबोटीच्या वेळा आधी विचारून घ्या, दोघांनीही हेल्मेट घाला आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला लागा. आणि गावात कुणाशी अबोला असेल, तर शेवटच्या खाडीपर्यंत थांबू नका. फोन पहिल्याच धक्क्यावरून लावा.